चेक, शह आणि मात

परवा बँकेत खिडकीपलीकडच्या बाईंनी "तुमचा चेक एकदा चेक करून घ्या" असे सांगितले आणि त्या वाक्यातले दोन्ही चेक घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात घोळत राहिले. पैशांचा चेक, तपासणीचा चेक आणि शर्टावरचे चेक्स हे योगायोगाने सारखे ऐकू येणारे वेगवेगळे शब्द असावेत, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात हे तिन्ही एकाच राजाचे वंशज असून तो राजा बुद्धिबळाच्या पटावरचा आहे. (मराठीत असाच लिहिला जाणारा युरोपातला चेक देश मात्र या कुळातला नव्हे.)

आपले चतुरंग इराणात गेले आणि तिथे राजावर हल्ला होताच 'शाह' असा इशारा देण्याची रीत पडली. हा शब्द अरबांमार्फत युरोपात पोहोचला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'एशेक' झाले आणि त्यातून इंग्रजीला 'चेक' मिळाला. 'चेस' हे खेळाचे नावही त्याच्याच अनेकवचनातून आले. राजाला शह बसला की बाकीचे सारे बेत थांबवून आधी त्याला वाचवावे लागते, म्हणून 'चेक'ला अडवण्याचा, आवर घालण्याचा अर्थ आला आणि पुढे त्यातूनच तपासण्याचाही. आपला चेकनाका हे दोन्ही अर्थ एकाच आडव्या दांड्यावर पेलतो.

चौकड्या अर्थातच पटावरून आल्या, पण मला खरी गंमत वाटते ती इंग्लंडच्या खजिन्याची. १२व्या शतकात तिथे राजाचा हिशेब सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद मेजावर, रेघा आखलेले काळे कापड अंथरून आणि रकान्यांत सोंगट्या मांडून होत असे. त्या पटासारख्या मेजावरून खात्याला 'एक्सचेकर' हे नाव पडले आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. बँकेचा चेक मात्र तपासणीच्या अर्थाचा आहे, कारण बनावट कागद ओळखता यावा म्हणून ठेवलेल्या काउंटरफॉइलला, म्हणजे स्थळप्रतीला, आधी ते नाव होते. ब्रिटिशांनी पुढे एक्सचेकरच्या धर्तीवर check हे स्पेलिंग बदलून cheque केले, अमेरिकनांनी जुनेच ठेवले. चेक-हुंड्यांविषयीच्या आपल्या १८८१च्या कायद्यात ब्रिटिश स्पेलिंग आले ते उघड कारणाने.

'चेक' म्हटले की कपाळाला आठ्या घालून 'धनादेश म्हणा' असे बजावणारे लोक मला नेहमी भेटतात. धनादेश हा शब्द चांगला घडवलेला आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु हीच मंडळी राजकारणातल्या शह-काटशहांवर तावातावाने बोलतात, संकटावर 'मात' करतात आणि ते शब्द अस्सल मराठी समजतात. 'शह' आणि 'मात' आपल्याकडे फारसीतून आले, 'चेक' लंडनला वळसा घालून आला, एवढाच काय तो फरक. शिवाय त्या फारसी 'शाह'चे मूळ आणि संस्कृत 'क्षत्र'चे मूळ सख्खे आहे, तेव्हा चेकला परका ठरवायचे असेल, तर क्षत्रियांचीही चौकशी करावी लागेल.