खुलासा : नखाच्या फटीवरून ट्रायल रूमचा आरसा ओळखता येत नाही

लग्नसराईत नवी पेठेत खरेदीला निघणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : आरशाला नख लावा, नख आणि प्रतिबिंबात फट दिसली तर आरसा साधा, नाही दिसली तर पलीकडून कोणी पाहतंय. ही खूण भरवशाची नाही.

साध्या आरशाचा चकाकता लेप काचेच्या मागे असतो, म्हणून फट दिसते. काच ४-५ मिमी जाड असेल तर स्पष्टच. पण एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेचा पातळ लेपही मागच्या बाजूला असू शकतो. मग फट दिसूनही धोका राहतो. उलट पॉलिश केलेल्या स्टीलच्या आरशात फट नसतेच, आणि त्यातून आरपार दिसतही नाही.

अशी आरपार दिसणारी काच पलीकडे बराच अंधार असेल तरच काम करते. म्हणून मोबाईलचा टॉर्च काचेला अगदी चिकटवा, बाजूला काचेला डोळा लावून त्याभोवती हाताचा आडोसा करा. पलीकडची जागा दिसली तर बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा; काच फोडू नका, पुरावा जाईल. आरसा भिंतीवर टांगलेला आहे की पलीकडून पाहता येईल असा भिंतीत बसवलेला, हेही बघा.

छुपा कॅमेरा मात्र यातल्या कशानेही हमखास सापडत नाही.