‘चार ओरखड्यांसाठी दावा कसला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाडीची धडक बसल्यावर सायकलची नुकसानभरपाई कशी मागावी, या माझ्या लेखावर तुम्ही मोठी प्रतिक्रिया दिलीत. लेख शेवटपर्यंत वाचून मगच विरोधात लिहिलंय हे जाणवतं, म्हणून उत्तरही सावकाश देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सायकलला चार ओरखडे पडले, चाक जरा वाकडं झालं, एवढ्यासाठी विमा कंपनीपर्यंत जाणं म्हणजे राईचा पर्वत करणं. जुन्या सायकलसाठी नवीची किंमत मागणं तर सरळ लबाडी. शिवाय चूक दर वेळी गाडीवाल्याचीच, असं मी धरून चालले आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की गेल्या महिन्यात तुमच्या मुलाच्या सायकलला समोरून गाडी लागली, मुलाला खरचटलंही नाही, गाडीवाला भला माणूस होता, तुम्ही हात मिळवलेत आणि विषय तिथेच संपवलात.

नवीच्या किमतीबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘नव्या सायकलची किंमत मागा’ असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलं आणि मूळ लेखात ते आज दुरुस्त करते आहे. भरपाईचं तत्त्व असं की अपघात झालाच नसता तर माणूस जिथे असता, तिथे त्याला परत आणायचं. त्याच्या पुढे नाही. टायर निम्मा झिजलेला असेल तर निम्मी किंमत कापली जाते, ते रास्तच आहे. चेन, ब्रेकचे पॅड यांचंही तसंच. आणि दुरुस्तीचा खर्च सायकलच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल, तर बहुतेक वेळा धडकेच्या आदल्या दिवशी तशीच वापरलेली सायकल बाजारात कितीला मिळाली असती, तेवढीच रक्कम हाती येते. म्हणून खरेदीची पावती, सायकलचे जुने फोटो, पेडलच्या दांड्याजवळ फ्रेमच्या खालच्या बाजूला बहुधा कोरलेला असतो तो क्रमांक, हे सगळं आधीपासून जपून ठेवायचं. फक्त एका गोष्टीवर अडून राहा: फ्रेम टायरसारखी झिजत नाही. सायकलचं वय बघून सगळ्या भागांवर एकच टक्केवारी कापली, तर प्रत्येक भागाचा वेगळा हिशोब मागायचा.

पण ओरखड्यांचं तुमचं म्हणणं मला मान्य नाही, आणि ते का, हे सांगायला माझीच गोष्ट सांगावी लागेल. लेखात ती मी दोन ओळींत उरकली होती.

वळणाऱ्या गाडीच्या बंपरवर माझं पुढचं चाक आदळलं. मी उठून उभी राहिले, कुठे दुखत नव्हतं. चालक घाबरला होता, पुन्हा पुन्हा माफी मागत होता. त्याने पाकीट काढलं, मी पैसे घेतले आणि त्याच्या सांगण्यावरून एका कागदावर लिहून दिलं: ‘भरपाई मिळाली, यापुढे माझं काही मागणं नाही.’ सायकलवाल्याने चाकाचा आउट काढून दिला, म्हणजे वाकडं चाक सरळ करून दिलं. तीन आठवडे मी तशीच फिरले. मग एका उतारावर ब्रेक दाबला की हँडलखालून करकर ऐकू यायला लागली. दुसऱ्या सायकलवाल्याने चिमटा, म्हणजे फोर्क, फ्रेममधून पूर्ण बाहेर काढला. चिमट्याची जी नळी फ्रेमच्या आतून हँडलपर्यंत वर जाते, तिच्या तळाशी केसाएवढी चीर होती, जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत गेलेली. नख फिरवलं तर नख अडत होतं. ती नळी फ्रेमच्या आत असते, त्यामुळे बाहेरून कितीही निरखलं तरी दिसली नसती. ती उतारावर तुटली असती तर हँडल माझ्या हातात राहिलं असतं आणि चाक वेगळं झालं असतं. विमा कंपनीला कळवलं तेव्हा त्यांनी माझाच कागद मला दाखवला. सही माझीच होती.

म्हणून मी पोटतिडकीने सांगते: रस्त्यावर उभं राहून सायकलचं नुकसान ठरवता येत नाही. समोरून धडक बसली असेल तर हँडलखालच्या उभ्या नळीच्या लगेच मागे, फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर बोट फिरवून बघा. रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या असतील, तर आतला धातू दबला आहे. फ्रेम सरळ आहे का, हे एका दोऱ्यानेही कळतं. फ्रेमच्या ज्या खोबणींत मागच्या चाकाचा आस बसतो, त्यांतल्या एका बाजूच्या खोबणीला दोरा बांधा, पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खोबणीपर्यंत आणा, आणि सीटच्या नळीपासून दोरा दोन्हीकडे किती लांब आहे ते मोजा. अंतर सारखं नसेल तर फ्रेम वाकलेली आहे. स्टीलची फ्रेम जाणकार हात पुन्हा सरळ करू शकतात. ॲल्युमिनियमची वाकलेली फ्रेम मागे वाकवून भरवशाची होत नाही. कार्बन तर वरून गुळगुळीत राहून आत थर सुटलेले असू शकतात, त्याला तपासणीच हवी. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बदलायचंच. त्यातला फोम एकदाच दबण्यासाठी असतो, दबला की परत फुगत नाही. हेल्मेटही भरपाईत मागता येतं, आणि दुरुस्तीच्या दिवसांत लागलेलं प्रवासाचं भाडंही, पावत्या ठेवल्या तर.

गाडीवाल्याच्या भलेपणाबद्दल मला शंका नाही. माझा चालकही भलाच होता. पण दावा त्याच्या भलेपणावर नसतो. बहुतेक देशांत दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि त्याचा हप्ता तो याच दिवसासाठी भरत आलेला असतो. त्याला स्वतःच्या खिशातून द्यायचं असेल तर जरूर द्यावं, पण सायकलवाल्याचा लेखी अंदाज हातात आल्यावर. तोवर गाडीचा नंबर, विम्याचा तपशील, गाड्या हलवण्याआधीचे फोटो. गाडीवरचा ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही फोटोत येऊ द्या. हँडलच्या टोकाची उंची तेवढीच भरली तर धडक कुठे बसली यावर वाद उरत नाही. मोडलेले भाग टाकून देऊ नका, विमा कंपनी ते बघायला मागू शकते.

चूक कोणाची, यावर थोडंच लिहिते. दर वेळी गाडीवाल्याचीच असते असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी सायकलस्वाराचा दोष जेवढा ठरेल तेवढी भरपाई कमी होते. बिनदिव्याची सायकल रात्री चालवली तर ते ऐकून घ्यावं लागेल. पण सगळीकडे तराजू सारखा धरत नाहीत, हेही खरं. नेदरलँड्सच्या 1994 च्या रस्ते वाहतूक कायद्यात कलम 185 आहे. त्यानुसार मोटार सायकलस्वाराला धडकली तर, टाळणं अशक्यच होतं असं सिद्ध केल्याखेरीज, मोटारीच्या मालकाची जबाबदारी सुटत नाही. 14 वर्षांखालच्या मुलाची स्वतःची चूक असली तरी सहसा पूर्ण भरपाई मिळते. यामागचा विचार मला पटतो: दोन्हीकडून चूक सारखी झाली तरी मार सारखा बसत नाही. तुमच्याकडचा नियम काय आहे ते बघून घ्या, दावा करायची मुदत किती आहे तेही.

आता तुमच्या मुलाबद्दल. तुम्ही लिहिलंत की धडक समोरून बसली आणि सायकल ‘चालतेय व्यवस्थित’. माझीही तीन आठवडे चालत होती. तुम्ही कुठे सही केलेली नसेल, तर दाव्याची वाट अजून बंद झालेली नसेल. पण तो नंतरचा प्रश्न. आधी कृपा करून उद्या सकाळी त्याला सायकल चालवू देऊ नका. सायकलवाल्याकडे न्या आणि चिमटा पूर्ण बाहेर काढून नळीचा तळ बघायला सांगा. ‘काही गरज नाही’ असं तो म्हणाला तरी काढायला लावा. काय निघालं ते इथे लिहा, मी वाट बघते.