त्रुटी जाहीर होतात म्हणून राउटर फेकू नका

यवतमाळ-वाशिमकडच्या सेवा केंद्रचालकांच्या आणि ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो अशा) राउटरमधल्या सुरक्षा त्रुटी क्रमांक देऊन जाहीर केल्या जातात, म्हणजे हॅकरला आयता नकाशा मिळतो, बंद सॉफ्टवेअरच्या साध्या राउटरचं नाव त्या यादीत नसतं, म्हणून तोच सुरक्षित, ओपन सोर्सच्या त्रुटी हजारोंनी आहेत, आणि खेड्यातल्या राउटरवर हल्ला कोण करणार? मी याच भागात नेटवर्क जोडणीचं काम करतो. हा संदेश वाचून लोक चांगले, अपडेट मिळणारे राउटर काढायला निघालेत, म्हणून हे लिहितोय.

आधी नकाशाचं बघू. ही यादी म्हणजे सीव्हीई. १९९९ पासून अमेरिकेतली मायटर ही संस्था ती चालवते, आणि भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेलाही असे क्रमांक देण्याचा अधिकार आहे. शिरस्ता असा, की त्रुटी ज्याला सापडते तो आधी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना गुपचूप कळवतो, आणि दुरुस्ती तयार झाली की दोन्ही सोबत जाहीर होतात. ओपनडब्ल्यूआरटी या राउटर प्रणालीची सीव्हीई-२०२०-७९८२ ही नोंद घ्या. पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरची फाइल, उतरवताना ते अस्सल आहे की नाही, हे राउटर चेकसम (फाइलवरून काढलेली तिची खूण) जुळवून ठरवतो. पॅकेजच्या यादीत त्या चेकसमच्या आधी एक मोकळी जागा असे. फेब्रुवारी २०१७ मधल्या एका बदलानंतर कोडला ती जागा ओलांडता येईना. चेकसम वाचलाच जात नसे आणि तपासणी न होताच पॅकेज बसे. वाटेत बसलेल्या कुणालाही त्याच आकाराचं नकली पॅकेज घुसवता आलं असतं. जवळपास तीन वर्षं हे तसंच राहिलं. गिदो व्रांकेन या संशोधकाने ते शोधून कळवलं, आणि जानेवारी २०२० च्या अखेरीपर्यंत १८.०६.७ व १९.०७.१ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. कोणत्या आवृत्त्या बाधित, हल्ल्याला अट काय, तुम्ही काय करायचं, हे सगळं नोंदीत आहे. हल्ल्याची सविस्तर रीत मार्चमध्ये बाहेर आली. तोवर ज्याने अपडेट केलं होतं, त्याचं काही बिघडलं नाही.

कामगंध सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग दिसले की गावात सांगतात. सांगितल्याने अळी येत नाही, न सांगितलं तर फवारणीची वेळ मात्र निघून जाते.

जाहीर झाल्यावर अपडेट न केलेल्या राउटरवर हल्ले वाढतात, हे मात्र खरं. पण बंद सॉफ्टवेअर त्यातून सुटत नाही. आपल्याकडचे केबलवाले ज्याच्यावर भिस्त ठेवतात, त्या मायक्रोटिकचं राउटरओएस बंदच आहे. त्याच्या विनबॉक्स या राउटर सांभाळायच्या सोयीतल्या त्रुटीची दुरुस्ती कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये दिली. ज्यांनी ती लावली नाही, अशा हजारो राउटरमध्ये पुढच्या महिन्यांत क्रिप्टोकरन्सी खणणारा कोड घातला गेला.

आता ‘बंद राउटरचं नाव यादीत नसतं’ हा मुद्दा. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच आहे, कारण त्या पेटीच्या आत बहुतेक वेळा ओपन सोर्सच असतं. ओपनडब्ल्यूआरटीचा जन्मच तसा झाला: लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स ही ओपन सोर्स प्रणाली आहे हे उघड झालं, २००३ मध्ये कंपनीला कोड खुला करावा लागला आणि त्यावरून पुढची प्रणाली उभी राहिली. एका सेवा केंद्रात कपाटावर ठेवलेला असाच ‘बंद’ राउटर मी टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून आज्ञा देऊन, उघडून पाहिला. आत सगळं ओपन सोर्स: बिझीबॉक्स हा छोट्या आज्ञांचा संच, २.६ या जुन्या मालिकेतलं लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा), आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमास्कची फार जुनी आवृत्ती. डीएनएसमास्कमधल्या सात त्रुटी गूगलच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केल्या, दुरुस्ती २.७८ मध्ये आली. जानेवारी २०२१ मध्ये आणखी सात निघाल्या, त्या २.८३ मध्ये बुजवल्या. राउटरच्या मॉडेलचं नाव यापैकी कुठल्याच नोंदीत नव्हतं. पण आतल्या आवृत्तीवरून काय लागू होतं, हे त्याच नोंदींनी सांगितलं. कंपनीच्या पानावर एका ओळीचीही सूचना नव्हती.

याच केंद्रात शेतकरी पीक विमा भरायला आणि ई-केवायसीला येतात. बँकेचं नाव टाकल्यावर कोणत्या सर्व्हरकडे जायचं, ते डीएनएसमास्क सांगतं. त्याच्या तोंडी खोटं उत्तर घातलं, तर ब्राउझर सर्टिफिकेटचा इशारा देतो. पण बाहेर रांग लागलेली असताना तो इशारा न वाचताच पुढे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आकड्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलवाले स्वतःच क्रमांक देतात आणि थोडाही संशय असलेल्या दुरुस्तीलाही देतात. त्यामुळे आकडा फुगला, धोका त्या पटीत वाढला नाही. नोंदी चुकतातही. २०२३ मध्ये कर्ल या फाइल उतरवायच्या ओपन सोर्स साधनातल्या एका किरकोळ जुन्या चुकीला धोक्याचे दहापैकी ९.८ असे गुण दिले गेले. कर्ल सांभाळणारे डॅनिएल स्टेनबर्ग यांनी जाहीर हरकत घेतली आणि ते गुण ३.३ वर आले. नोंद उघडी होती म्हणूनच तर चूक पकडता आली.

राहिला खेड्याचा मुद्दा. २०१६ मध्ये मिराई हे घातक सॉफ्टवेअर आलं, ते कंपनीने घातलेले पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर बळकावत सुटलं. ते इंटरनेटवरचे पत्ते आपोआप धुंडाळत जायचं. पुण्यातला पत्ता की पुसदकडच्या खेड्यातला, हे बघायचं त्याला कारणच नव्हतं.

तेव्हा ग्रामपंचायतीसाठी राउटरची कोटेशनं मागवताना तीन गोष्टी लेखी घ्या: आत कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्त्या आहेत, सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, आणि त्रुटी निघाली तर पुरवठादार ती कुठे जाहीर करतो. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर स्वस्त असला तरी तो राउटर घेऊ नका.