आधी हात लावून बघा

लोखंड तापलं की वाढतं, हे शाळेत शिकलो होतो. वेल्डिंग केलेलं लोखंड गार होताना मूळ मापाच्याही आत आखडतं, हा पुढचा धडा मी गैरहजर असताना झाला असावा.

माझी गाडी चारही चाकं ओढणारी आहे आणि मी ती जिथे रस्ता नाही तिथे नेतो. आजवर ती दगडांवरून गेली, ओढ्यांतून गेली, एकदा तर माझ्या मनात नसताना झाडाकडेही गेली. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा कणा, म्हणजे पुढचा ॲक्सल, मात्र सरळ राहिला. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण एका रात्री मी वाकलेल्या ॲक्सलचे फोटो बघत बसलो आणि झोप उडाली.

त्या ॲक्सलची रचनाच काळजी वाटावी अशी असते. मधे डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, बिडाचा भोपळा, चाकं फिरवणारे शाफ्ट ज्यांतून जातात त्या पोलादी नळ्या दोन्ही बाजूंना त्यात दाबून बसवलेल्या, आणि त्या निसटू नयेत म्हणून वेल्डिंगचे मोजके ठिपके. गाडी उंचावरून आदळली की बाहेरच्या टोकांना चाकं वर ढकलतात, आतल्या बाजूला स्प्रिंगा खाली दाबतात आणि नळ्यांची टोकं वर वळतात. अख्खा ॲक्सल गालात हसल्यासारखा दिसतो. मग चाकांचे माथे आत झुकतात, गाडी फेंगडी उभी राहते आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतात. उपाय सोपा: छपराला असते तशी जाड पत्र्याची कैची नळ्यांवर वेल्ड करायची आणि टोकांच्या सी-आकाराच्या कानांना पट्ट्यांचा आधार द्यायचा. उपाय सोपा, हे वाक्य मी बायकोला म्हणूनही दाखवलं. तिने न बोलता तिच्या भावाला फोन लावला.

मेहुण्याचं आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये गेलंय. वयाने माझ्याहून लहान, पण हातात वेल्डिंगचा होल्डर आला की तो माझा थोरला होतो.

"दाजी, शाफ्ट काढले? सील काढले? बॉल जॉइंट?"

"वेल्डिंग बाहेरून करायचंय ना?"

"उष्णता आत जात नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला? रबर वितळेल, ग्रीस पेटेल."

म्हणून सगळं काढलं. बॅटरीची तार सोडली. मग दोन दिवस नुसती सफाई. रंग, गंज, वर्षानुवर्षं साठलेलं ऑइल आणि चिखल यांचं जे मिश्रण तयार होतं, त्यापुढे वेल्डिंगचा जोड काहीच नाही. मी ब्रेक क्लीनरचा डबा उचलला, तर मेहुणा ओरडलाच. त्यात क्लोरीनवालं द्रावण असेल आणि त्यावर आर्क पेटली, तर फॉस्जीन तयार होतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता. मी डबा दोन बोटांत धरून अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला.

वेल्डिंगचे रॉड 7018 या नंबरचे. पहिल्या 70 चा अर्थ जोडाची ताकद दर चौरस इंचाला 70,000 पौंड. एवढा पैलवान, पण दमट हवा सोसत नाही. पाकीट फुटलं की त्याला उबदार भट्टीत ठेवायचं. बिडाच्या भोपळ्याचे नखरे तर निराळेच: त्याला निकेलचा रॉड, आधी शेक, नंतर पांघरूण घालून सावकाश गार करणं. नाहीतर जोडाच्या शेजारीच बारीक तडा जातो. मेहुण्याने भोपळ्याला हात लावायची मला मनाई केली आणि ते काम स्वतःकडे ठेवलं. त्या अपमानाने मला फार बरं वाटलं.

मला नळ्यांवरची कैची मिळाली. नियम एकच: वेल्डिंगचा एक इंचाचा टाका डावीकडे, मग एक उजवीकडे, एक पुढून, एक मागून, आणि मग थांबायचं. किती थांबायचं?

"उघडा हात ठेवता आला पाहिजे. आधी हात लावून बघा, मग पुढचा टाका."

वेल्डिंग म्हणजे ठिणग्या, मुखवटा, मर्दानगी असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ते स्टुलावर बसणं आहे. चार टाके, वीस मिनिटं बसणं. परत चार टाके, परत बसणं. दुपारपर्यंत मी जेमतेम वीतभर जोड पुरा केला होता. तेवढ्यात मेहुण्याला फोन आला आणि तो बाहेर गेला.

त्याच सुमारास माझा हात बसला. टाका असा पडू लागला की जणू कुणी नाण्यांची चळत आडवी कलंडवून ठेवली आहे. असा टाका मधेच तोडायचा? गवयाने तान मधेच सोडावी तसं ते. मी लांबट नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढत गेलो. मुखवटा वर केला आणि स्वतःच्या कामाकडे इतक्या प्रेमाने बघितलं, तेवढ्या प्रेमाने मी आमच्या लग्नाचा अल्बमही बघितलेला नाही.

मेहुणा आला. टाक्याकडे बघून म्हणाला, "मस्त पडलाय." मग जरा थांबून, "एका दमात?"

"एका दमात," मी छाती फुगवून म्हणालो.

तो काही बोलला नाही. ॲक्सल गार झाल्यावर त्याने लांब शाफ्ट माझ्या हातात दिला. कालपर्यंत गपकन जाणारा तो शाफ्ट आत जाऊन भोपळ्यातल्या भोकाच्या काठावर टक्कन आपटला. फिरवला, उचलला, दाबला. तो काठावरच. एक मीटर पोलाद 100 अंशांनी तापलं तर साधारण 1.2 मिलिमीटर वाढतं, आणि मी तर त्याची वरची बाजू वितळवत नेली होती. तापलेल्या धातूला वाढायला जागा मिळाली नाही, म्हणून तो तिथेच दबला आणि गार होताना आखडला. वरची बाजू आखडली, म्हणून टोकं वर गेली.

"म्हणजे दगडावर आपटल्यावर वाकतो, तसाच?"

"अगदी तसाच. दगडाला बिचाऱ्याला इतकी वर्षं जमलं नाही, दाजी."

हे बायकोला कळू नये असं आमचं ठरलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

इलाज त्यातच होता. जे वरून ताणलं, ते खालून ताणून परत आणायचं. खालच्या बाजूला एक पट्टा तापवायचा, गार होऊ द्यायचा, शाफ्ट घालून बघायचा, आणि काठ लागला की पुन्हा. मेहुण्याने पहिला पट्टा तापवून टॉर्च विझवली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो.

दहा मिनिटांनी म्हटलं, "झाला असेल गार."

"आधी हात लावून बघा."

लावला. अजून दहा मिनिटं होती.