रिसायकल टॉयलेट घेताय? मैल्याआधी लघवीचं विचारा

ड्रेनेज लाइन नसलेल्या वस्तीत फ्लशचं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारं शौचालय बसवायचं ठरलं, की सगळी चर्चा मैला आणि जंतूंवर येऊन थांबते. माझं स्पष्ट मत आहे की ही यंत्रणा खरी अडते ती लघवीपाशी.

मैला त्यामानाने सोपा. घन भाग टाकीत खाली बसतो, जंतूंना अल्ट्राफिल्ट्रेशनची मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी, अडवते. लघवीतून येणारा अमोनिया आणि मीठ मात्र पाण्यात विरघळलेलं असल्यामुळे मेम्ब्रेनमधून सरळ पार होतं. म्हणून बाटलीत काचेसारखं नितळ दिसणारं पाणी सकाळी पहिल्या फ्लशला डोळ्यांना झोंबतं. विक्रेत्याने अशी बाटली दाखवली तर तिच्यातल्या अमोनियाचा आकडा मागा.

दिवसभर हेच शौचालय वापरणारी 50 माणसं धरा. माणशी 10 ग्रॅम म्हटलं तरी लघवीतून रोज 500 ग्रॅम नायट्रोजन येतो. हवा सोडलेल्या टाकीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, पण त्यात पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, संपत जाते. लघवीतला युरिया फुटून अमोनिया होताना तयार होणारी अल्कलिनिटी जेमतेम अर्ध्या अमोनियाला पुरते. मग पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी) 6 च्या आसपास घसरतो आणि काम ठप्प होतं. हवा भरणारा ब्लोअर चालू, बुडबुडे भरपूर, तरी वास कायम! वरून खाण्याचा सोडा घालून भागवायचं तर रोज सुमारे 3 किलो लागेल, आणि मीठ वाढेल ते वेगळंच.

त्यापेक्षा नायट्रेट झालेलं पाणी पंपाने मागे, हवा नसलेल्या टाकीत सोडावं. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि खर्च झालेल्यातली अर्धी अल्कलिनिटी परत मिळते. त्यांना खाद्य मात्र मैल्यातूनच मिळतं. सुरुवातीलाच बारीक जाळी लावून सगळा मैला बाजूला काढला तर ते उपाशी राहतात. ही चूक डिझाइनमध्येच होते आणि नंतर सुधारणं फार महागात पडतं.

इलेक्ट्रोडवाली, म्हणजे पाण्यातल्या प्लेटांमधून वीज सोडणारी यंत्रणा लघवीतल्याच क्लोराइडपासून क्लोरीन बनवते. कल्पना सुरेख आहे. पण 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन घालवायला किमान 7.6 ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे 500 ग्रॅमला जवळपास 4 किलो. सगळा भार तिच्यावर टाकला तर वीज परवडत नाही. उरलेला अमोनिया, चहासारखा पिवळसर रंग आणि जंतू, एवढ्यासाठीच ती शेवटी ठेवावी. प्लेटांवर पांढरं कीटण चढलं की आधी वीज बंद करून, प्लेटा बाहेर काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवाव्यात. हे पाणी ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

‘एक थेंबही बाहेर जात नाही’ या दाव्यावर विश्वास ठेवू नका. लघवी, शौचानंतर धुण्याचं आणि हात धुण्याचं पाणी रोज आत येतं. बाष्पीभवन सोडलं तर तेवढंच रोज बाहेर काढावं लागतं. फ्लशचं पाणी कितीही फिरवा, त्याचा खारटपणा शेवटी आत येणाऱ्या मिश्रणाइतका होतोच. म्हणून हात धुण्याचं पाणी वेगळं न काढता याच चक्रात घ्यावं, मीठ पातळ राहतं. जास्तीचं पाणी कुठे मुरवायचं आणि साचलेला गाळ कोण, कधी, कुठे नेणार, हे खोदाईआधीच ठरवा.

सफाई करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: फिनेल किंवा ॲसिडची अख्खी बाटली भांड्यात ओतली तर जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा नीट काम करू लागायला काही आठवडे जातात. आठवड्यातून एकदा हवेच्या टाकीत पीएचची पट्टी बुडवून आकडा दारामागच्या वहीत लिहा. 6.5 च्या खाली जायला लागला की वास सुटायची वाट न पाहता मागे पाणी सोडणारा पंप आधी तपासा.