तिकीट बंद, ट्रक उभाच

"गुरुवारी रात्रीचे तीन तास टाइमशीटमध्ये कुठल्या टास्कखाली टाकणार आहेस?" काल सकाळी मॅनेजरनं मला सगळ्या टीमसमोर विचारलं. अजून डोकं शांत झालेलं नाही.

भिवंडीचा क्लायंट. माल सुरतला निघालेला. मनोरच्या पुढे ट्रक बंद पडला, माल दुसऱ्या गाडीत चढवला. ई-वे बिलाच्या, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या, पार्ट बीमध्ये नवा गाडीनंबर चढल्याशिवाय निघता येत नाही, वाटेत धरलं तर कराच्या दुप्पट दंड. आणि नेमका तो नंबर आमच्या सॉफ्टवेअरमधून पुढे जाईना. त्यांनी तिकीट टाकलं, म्हणजे आमच्या सपोर्टकडे तक्रार नोंदवली. वीस मिनिटांत आमचं उत्तर: लॉग (सॉफ्टवेअरनं ठेवलेल्या नोंदी) पाठवा. लॉग आले. मग "डेव्हलपमेंट टीमला कळवलं आहे" असं लिहून तिकीट रिझॉल्व्ह्ड! एसएलए, म्हणजे ठरल्या वेळेत तक्रार निपटण्याची हमी, स्क्रीनवर हिरवा. गाडी हायवेच्या कडेला तशीच.

साडेनऊला त्यांच्या क्लार्कचा मला फोन. "मॅडम, तिकीट बंद झालं म्हणतात, मग गाडी सोडू का?" काय सांगणार त्याला? थेट सरकारी पोर्टलवर लॉगिन करायला लावलं, नंबर भरून घेतला, गाडी सुटली. मग साडेबारापर्यंत बसून खोट शोधली. नंबरात एक जादा स्पेस पडली की आमचा कोड अडत होता. दोन ओळींची दुरुस्ती.

आणि काल स्क्रीनवर कौतुक कुणाचं? सर्वांत जास्त तिकिटं बंद करणाऱ्याचं. माझ्या कामाला टास्कच नाही, कारण तिकीट आधीच बंद!

त्या पोरावर माझा राग नाही. त्याचं अप्रेझल बंद तिकिटांवर ठरतं, तो तिकिटंच बंद करणार. राग आहे तो हे असं मोजणाऱ्यांवर. याच लोकांनी जूनमध्ये आम्हाला अर्धा दिवस बसवून 'आउटकम माइंडसेट' शिकवला, म्हणजे कामाचा परिणाम बघायची सवय. पहिल्याच स्लाइडवर व्यवस्थापनावर लिहिणारा पीटर ड्रकर. माणूस 1954 पासून सांगत होता की आधी उद्दिष्ट ठरवा आणि त्यावरून काम जोखा. आमच्याकडे त्या ट्रेनिंगचं फळ काय मोजलं? हजेरी आणि भरलेले फीडबॅक फॉर्म.

स्टोरी पॉइंट, म्हणजे प्रत्येक कामाला दिलेले गुण, वाढावेत म्हणून एका दुरुस्तीच्या चार स्टोऱ्या (वेगवेगळी कामं) करायच्या. पंधरा मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, पाऊण तास, त्यात प्रत्येकानं काल काय केलं ते सांगायचं. क्लायंटचं काय झालं हे कुणीच विचारत नाही. आता निम्मा कोड एआय लिहून देतं, तरी महिनाअखेरीला पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल जोडून घ्यायच्या विनंत्या) मोजतात! ज्या माणसाला माल पोहोचवायचाय, त्याला तुमच्या पुल रिक्वेस्टशी काय देणंघेणं?

सोमवारी मी टाइमशीटमध्ये नवी ओळ मागणार आहे: 'क्लायंटची गाडी सोडवली.' नाही दिली, तर ते तीन तास रिकामेच राहतील. दुसऱ्या कुठल्या टास्कखाली मी ते ढकलणार नाही.