बालककेंद्री व्हा, पण बेतानं

हेडसर, हल्ली शाळा बालककेंद्री नसली की लोक नावं ठेवतात. शिवाय ते कायद्यातच आलंय, म्हणजे इलाज नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये कृतीतून शिकणं, शोध घेणं, मुलाला भीतीपासून मोकळं ठेवणं असं बरंच काही लिहून ठेवलंय. घाबरून जाऊ नका. मूल केंद्रस्थानी हवंय ना? मग रंगारी बोलवा आणि भिंतीच्या मधोमध एक हसरं मूल काढून घ्या.

त्याच हाताला फरशीवर ज्ञानरचनावादही काढून घ्या, म्हणजे मूल आपल्या अनुभवातून आपलं ज्ञान स्वतः घडवतं तो. शतक तक्ता, घड्याळ, बाराखडी, सगळं ऑइल पेंटमध्ये. मग पोरांना बजावा की त्यावर चालायचं नाही, पाणी सांडायचं नाही आणि शक्यतो बसायचंही नाही. रंग उडतो. साहेबांची भेट असेल त्या दिवशी बाकडी सरकवून गोल करा. गाडी गेली की पुन्हा रांगा.

प्रश्न मात्र विचारू द्या. ज्यांची उत्तरं गाइडात आहेत तेच. आपला कोल्हापूर जिल्हा ऊसवाला, त्यामुळं धोका कुठूनही येतो. समजा तुम्ही मिश्रणातले घटक वेगळे करणं शिकवताय आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आमच्या गुऱ्हाळावर रस उकळताना भेंडीचं पाणी घालत्यात, मग मळी वर येती. कशानं येती?” सावध व्हा. हे पोर रस उकळायच्या काहिलीच्या कडेला उभं राहून आलंय. पाक आला की नाही हे गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून बघतो, तेही त्यानं पाहिलंय. तुम्ही त्याच्या मागं गेलात तर भेंडीचा चिकटपणा रसातला गाळ धरून वर आणतो, इथपर्यंत अख्खा वर्ग पोचेल. मग कुणी विचारेल की गूळ पिवळाधमक दिसायला आणखी काय घालतात. आणि पोर्शन? तेव्हा म्हणा, “छान प्रश्न. बस खाली. लिहा: गाळणे, निवळणे, ऊर्ध्वपातन.”

नोंद करायला विसरू नका: ‘जिज्ञासू वृत्तीने प्रश्न विचारतो.’ वर्णनात्मक नोंदींची आयती पुस्तकं मिळतात, एक घेऊन ठेवा. क्रमानं उतरवत गेलात की मुकं बसणारं पोरही ‘आत्मविश्वासाने मत मांडतो’ या ओळीत येतं. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली पोरं फडातच असतात. ती पटावर नसल्यानं त्यांची नोंद लागत नाही. तेवढीच शाई वाचली.

तालमीतला वस्ताद पोराचं अंग बघून डाव शिकवतो, असं कुणी उदाहरण देईल. दुर्लक्ष करा. वस्तादाला कुठं ऑनलाइन माहिती भरावी लागते?

भाषणात शाहू महाराजांना घ्यायलाच हवं. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. टाळ्या येतात. लीलाताई पाटलांचं नाव मात्र जपून घ्या. त्यांनी 1985 मध्ये याच कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलाला धरून शिकवता येतं हे रोजच्या तासात करून दाखवलं. फार तपशिलात शिरलात तर एखादा पालक विचारेल, “मग आपल्या शाळंत का न्हाई ओ?”

तशी पालकांची काळजी नाही. त्यांना शिष्यवृत्तीत किती पोरं लागली एवढंच हवं असतं. सकाळी सातला जादा तास ठेवा, सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवून घेत राहा आणि निकालाचा फ्लेक्स फाटकावर चढवा. बालककेंद्री शिक्षणाचा फलक त्यामागं झाकला गेला तर कुणी तक्रार करणार नाही.

एवढं करूनही एखादी नवी बाई खरोखरच ऐकायची नाही. पोरांना घेऊन रंकाळ्यावर जाईल, पाण्यावर हिरवा थर कशानं आलाय ते त्यांनाच शोधायला लावेल, स्वतः गप्प बसेल. वर्गात गोंगाट, आणि सुट्टीची घंटा झाली तरी पोरं घरी जायला तयार नाहीत. तिला रागावू नका. आधी पोषण आहाराचं रजिस्टर द्या. तेवढ्यानं भागलं नाही तर बीएलओ, म्हणजे मतदार याद्यांचं काम बघणारा बूथ लेव्हल ऑफिसर करा. घरोघरी फिरून मतदार याद्या तपासताना शोध घ्यायची हौस आपोआप भागते, आणि तिचा वर्ग तोवर शिपाई सांभाळेल.